चेहरा कोठें चुकला?

शाहूपुरी ही कोल्हापुरांतील व्यापाऱ्यांची पेठ. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं ती वसविली आणि स्टेशन जवळ असल्यामुळें गुळाच्या व्यापाराबरोबर ती भरभराटली. या पेठेंत हिशेबाच्या वह्या लिहिण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा एका गृहस्थांची ही हकीकत आहे. साठी उलटल्यावर त्यांनीं चित्रासाठीं पेन्सिल पुन्हां हातांत घेतली. पुन्हां म्हणण्याचें कारण असें कीं, शाळेंत असतांना त्यांनीं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या आणि दुसरींत त्यांना ‘अ’ श्रेणी मिळाली होती. तें प्रशस्तिपत्र अद्याप त्यांच्या कपाटांत आहे. मधल्या चाळीस वर्षांत मात्र रकाने आखण्यापलीकडे त्यांच्या हातून रेघ उमटली नव्हती. घरांत आई शहाऐंशी वर्षांची. कान मंदावलेले, पण नजर शाबूत. रोज दुपारीं खिडकीपाशीं बसून ती भाजी निवडीत असे. तिचें एक चित्र आपल्या हातून व्हावें, आणि ती बसूं शकते आहे तोंवर व्हावें, एवढीच त्यांची इच्छा होती.

पंधरा दिवस खपून चित्र तयार झालें. सून म्हणाली, “अगदीं हुबेहूब!” नातवानें मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन पुण्यामुंबईच्या नातलगांकडे धाडला; तिकडूनही वाहवा आली. शेजारच्या दुकानदारांनीं तर, “आतां आमचेंही काढा,” म्हणून सांगून टाकलें. शेवटीं चित्र आईपुढें धरण्यांत आलें. तिनें चष्मा पुसला, कागद उजेडाकडे वळविला आणि ती म्हणाली, “अरे, ही मी कुठली? ही तर आमची आक्का.”

आक्का म्हणजे तिची वडील बहीण. ती जाऊन तीस वर्षें लोटलीं होतीं.

गृहस्थांना तें लागलें. चित्र कपाटांत प्रशस्तिपत्राशेजारीं जाऊन पडलें आणि पुढें पंधरा दिवस पेन्सिलीला टोंक झालें नाहीं. वास्तविक, जे दहावीस अभिप्राय त्यांच्या कानीं आले त्यांतला उपयोगाचा असा हा एकच होता. सून, नातू, शेजारी यांनीं जें सांगितलें तें चित्राविषयीं नव्हतें. चित्र काढणाऱ्याविषयीं त्यांना जो जिव्हाळा वाटत होता त्याविषयीं तें होतें. तो जिव्हाळा खोटा नव्हे, पण त्यावरून पुढचें चित्र सुधारत नाहीं. ‘अ’ श्रेणीचेंही तसेंच आहे. श्रेणी ही आपण रांगेंत कितवे उभे आहों तें सांगते. आपली रेघ कोणत्या जागीं चुकली तें सांगत नाहीं. शिवाय या परीक्षांत वस्तुचित्र असतें, स्मरणचित्र असतें, संकल्पचित्र असतें, भूमितीही असते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काढण्याची कसोटी त्यांत नसते. तेव्हां त्या प्रशस्तिपत्राच्या बळावर आईचा चेहरा साधेल ही अपेक्षाच मुळांत थोडी भाबडी होती.

आईचें वाक्य रोग्याच्या तक्रारीसारखें होतें. रोगी वैद्याकडे जाऊन ‘येथें दुखतें’ एवढेंच सांगतो. दुखण्याचें निदान तो करीत नाहीं, आणि त्यानें तें करावें अशी अपेक्षाही कोणी धरीत नाहीं. तरी त्याच्या त्या दोन शब्दांवांचून वैद्याचें चालत नाहीं. हौशी चित्रकार मात्र उलटें वागतो. बघणाऱ्यानें ‘कांहींतरी चुकलें आहे’ असें म्हटलें कीं तो विचारतो, ‘काय चुकलें तें दाखवा,’ आणि बघणाऱ्याला तें दाखवितां आलें नाहीं कीं मनांतल्या मनांत म्हणतो, ‘यांना चित्रांतलें काय कळतें!’ हा अन्याय आहे. दुखतें हें सांगणें त्यांचें काम, आणि कां दुखतें हें शोधणें पेन्सिल धरणाराचें.

पंधरा दिवसांनीं गृहस्थ तो कागद घेऊन ओळखीच्या एका वृद्ध चित्रकाराकडे गेले. चित्रकारांनीं चित्राकडे नजर टाकण्यापूर्वीं आईचे शब्द ऐकून घेतले आणि विचारलें, “तुमची मावशी दिसायला कशी होती?”

“लांबट चेहऱ्याची. स्वभावानें करडी.”

“आणि आई?”

“आई गोल चेहऱ्याची. हसरी.”

“मग आईंनीं तुम्हांला दोन्ही चुका सांगितल्याच आहेत,” चित्रकार म्हणाले. “तुम्ही कागद टेबलावर आडवा ठेवून काढतां ना?”

गृहस्थ टेबलावरच काढीत होते. चाळीस वर्षें खतावणी जशी पुढ्यांत पसरली तसाच त्यांनीं ड्रॉइंगचा कागद पसरला होता. कागद आडवा असला म्हणजे आपली नजर त्यावर तिरकस पडते आणि त्यावरील उभें अंतर डोळ्यांना आहे त्याहून आंखूड दिसतें. हात नकळत ती तूट भरून काढतो, म्हणजे चेहरा थोडा लांब काढतो. वरचा भाग डोळ्यांपासून अधिक दूर, म्हणून तेथें तो अधिकच ताणला जातो. तिरकस पाहतांना सारें ठीक दिसतें. तोच कागद भिंतीशीं उभा केला म्हणजे गोल चेहऱ्याच्या आईच्या जागीं लांब चेहऱ्याची मावशी उभी राहते. यावर उपाय अगदीं साधा आहे. पाटी मांडीवर टेकवून किंवा खुर्चीच्या पाठीला लावून जवळजवळ उभी करावी, म्हणजे कागद नजरेच्या समोरासमोर येतो.

दुसरी चूक करडेपणाची. शहाऐंशी वर्षांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या असायच्याच. परंतु सुरकुती ही रेघ नव्हे. ती कातडीची घडी आहे, तिला एक उजळ अंग असतें आणि एक सावलीचें, आणि सावली कडेला विरत जाते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी वळी गृहस्थांनीं ४ बी पेन्सिलीनें दाबून एका काळ्या रेघेंत काढली होती. दोन्ही ओठांमधली फटही तशीच. लहान मुलाच्या चेहऱ्यावर या रेघा काढल्या तर मूल म्हातारें दिसतें. वृद्धेच्या चेहऱ्यावर काढल्या तर ती रागावलेली दिसते. अशा जागीं टणक पेन्सिलीनें हलके हलके थर द्यावे आणि सावलीची एकच बाजू ठळक ठेवावी. सावली मऊ व्हावी म्हणून बोटानें घासण्याची खोड पुष्कळांना असते. त्यानें मऊपणा येत नाहीं, मळकटपणा येतो, आणि बोटाचा तेलकटपणा कागदांत मुरला कीं रबरही चालेनासें होतें.

चित्रकारांनीं गृहस्थांच्या कागदाला हात लावला नाहीं. समासांत एक इंचभर आकृति काढून त्यांनीं टाळू, डोळे आणि हनुवटी यांच्या जागा दाखविल्या. या हात न लावण्याबद्दल मतभेद आहे. शिष्याच्या कागदावरच गुरूनें चार ठाम रेघा ओढून चूक दुरुस्त करावी ही पद्धत चित्रशाळांतून पुष्कळ काळ चालत आली आहे, आणि तिचा फायदा उघड आहे. गुरूचा हात कसा फिरतो तें शिष्याला प्रत्यक्ष दिसतें. पण होतें असें कीं, पुढें त्या चित्रांत नाक गुरूचें आणि बाकीचा चेहरा शिष्याचा अशी स्थिति होते, आणि शिष्य त्या नाकाला जन्मभर धक्का लावीत नाहीं. शाळेंतल्या मुलाला एक वेळ तें चालेल. साठीच्या हौशी माणसाला आपली चूक आपल्या हातानें मोडण्याची संधि मिळाली पाहिजे. समासांत काढून दाखवावें, किंवा वर पातळ कागद ठेवून त्यावर दाखवावें, हें बरें.

कोल्हापुरांत असा जाणता डोळा शोधायला फार लांब जावें लागतें असें नाहीं. आबालाल रहिमान मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिकून परत आपल्या गांवीं आले आणि १९३१ सालीं देह ठेवीपर्यंत येथेंच चित्रें काढीत राहिले. रावबहादूर धुरंधर मूळचे कोल्हापूरचेच, जन्म १८६७ सालचा. १८९० सालीं ते त्याच चित्रशाळेंत विद्यार्थी म्हणून गेले, तेथेंच शिक्षक झाले आणि ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या आत्मचरित्रांत त्यांनीं तो काळ लिहून ठेवला. बाबूराव पेंटरांनीं तर कोणत्याही चित्रशाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनीं नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितांच विद्या मिळविली. १९१६ सालीं आनंदराव गेले तोंवर दोघांची जोडी अभंग होती. एकाच पडद्यावर दोघे काम करीत असले म्हणजे अभिप्राय मागण्याचा प्रसंगच येत नसावा. एकाची रेघ चुकली तर दुसऱ्याचा हात अडतो. दत्तोबा दळवी यांनीं पुढें स्वतःची चित्रशाळा काढली. सांगायचें तें असें कीं, या गांवांत चित्रकला ही एकट्यानें दार लावून करण्याची गोष्ट क्वचितच होती. हौशी माणूस मात्र ती एकट्यानें करतो, आणि दार उघडतो तें चित्र पुरें झाल्यावर.

येथेंच मोठी चूक होते. अभिप्राय मागण्याची वेळ चित्र पुरें झाल्यावरची नव्हे, तें सुरू झाल्यावरची आहे. पहिल्या वीसपंचवीस मिनिटांत कागदावर जेव्हां डोक्याचा घाट, डोळ्यांची आडवी रेघ, नाकाची आणि ओठांची जागा एवढेंच फिक्या रेघांनीं उमटलेलें असतें, तेव्हां चूक पुसायला कांहीं वाटत नाहीं. त्यावर पंधरा दिवसांच्या छायाप्रकाशाचे श्रम चढले कीं डोळे अर्धा इंच वर गेले आहेत हें समजूनही माणूस ते पुसत नाहीं. तो केसांची उंची वाढवून वेळ मारून नेतो. पुऱ्या झालेल्या चित्रावरील टीका ही शवपरीक्षेसारखी असते. तिच्यापासून पुढच्याला शहाणपण मिळेल, पण गेलेला उठत नाहीं.

डोळे वर जाणें हा नवशिक्याच्या हातचा हमखास दोष आहे. सरळ समोर पाहणाऱ्या मोठ्या माणसाच्या डोक्यांत टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या सुमारें मध्यावर डोळे असतात. ज्याला हें सांगावें तो प्रथम मानीत नाहीं आणि आरशापुढें उभें राहून पट्टीनें मोजूं लागतो. आपलें लक्ष डोळे, नाक आणि तोंड यांवर असतें. कपाळ आणि केस यांत ‘कांहीं नाहीं’ असें वाटून आपण त्यांना जागा कमी देतों. तसेंच, दोन डोळ्यांच्या मध्यें साधारण आणखी एक डोळा मावेल इतकें अंतर असतें. हीं मापें सर्वांना तंतोतंत लागूं पडत नाहींत. समोरच्या माणसाचें माप या सर्वसाधारण मापाहून कोठें वेगळें आहे, तेथेंच त्याची ओळख असते. तें माप घेण्यासाठीं पेन्सिल हातांत धरून हात पूर्ण लांब करावा, एक डोळा मिटावा आणि अंगठ्यानें अंतर पकडावें. कोपर वांकतां कामा नये. कोपर वांकलें कीं गज बदलला.

गृहस्थांनीं दुसरें चित्र पाटी उभी करून सुरू केलें आणि नुसता घाट उमटतांच आईला दाखविलें. या वेळीं त्यांनीं ‘कसें झालें?’ असें विचारलें नाहीं. या प्रश्नाला आपल्या समाजांत एकच उत्तर आहे, आणि तें पाहुण्यानें आमटीबद्दल दिलेल्या उत्तरासारखें ठरलेलें आहे. त्यांनीं विचारलें, “ही कुणासारखी वाटते?” आई म्हणाली, “आतां माझ्यासारखी वाटते. पण ही कुणावर रागावली आहे?” भुवयांची आंतली टोंकें खालीं उतरलीं होतीं तीं त्यावरून सांपडलीं. अशा प्रश्नांची उत्तरें सामान्य माणूस अचूक देतो. या व्यक्तीचें वय किती वाटतें? हिच्या मनांत काय चाललें असेल? पहिली नजर कोठें गेली? नजर जर कानांतल्या कुडीवर गेली असेल, तर चित्रकारानें कुडीवर डोळ्यांहून अधिक मेहनत घेतली आहे हें उघड झालें.

कोणाला काय विचारावें यालाही तारतम्य लागतें. प्राचीन ग्रीस देशांतील अपेलीस या चित्रकाराची एक गोष्ट रोमन ग्रंथकार प्लिनी यानें लिहून ठेविली आहे. अपेलीस आपलें चित्र रस्त्याच्या बाजूस मांडी आणि मागें लपून जाणाऱ्यायेणाऱ्यांचें बोलणें ऐके. एकदां एका चांभारानें पायताणाचा एक बंद कमी असल्याचें सांगितलें. अपेलीसनें तें दुरुस्त केलें. दुसऱ्या दिवशीं त्या यशानें फुगून चांभार पायाच्या पोटरीविषयीं बोलूं लागला, तेव्हां चित्रकार पुढें येऊन म्हणाला कीं, चांभारानें पायताणाच्या वर जाऊं नये. ही गोष्ट सांगणारे बहुधा दुसऱ्या दिवसावर भर देतात. कोल्हापूरकरांना तरी पहिला दिवस अधिक पटावा. पायताणाच्या बाबतींत येथल्या कारागिराचा शब्द कोणता चित्रकार खालीं पाडील? शिवाय, त्या चांभाराला पायताण नीट दिसलें तें तो पायताण करीत होता म्हणून. प्रत्येक धंद्याच्या माणसाला चेहऱ्याचा एकेक भाग असाच दिसत असतो. केसांची रेषा कपाळावर कोठें वळते हें न्हाव्याइतकें कोणाला माहीत?

शाहूपुरींतच कुंभार गल्ली आहे. गणपतीच्या आधीं कित्येक महिने तेथें मूर्तींचें काम चालतें. गृहस्थांच्या चित्रावर तिसरा महत्त्वाचा अभिप्राय आला तो तेथल्या एका मूर्तिकाराचा. त्यांनीं डोळ्यांवर बोट ठेवलें. “हे डोळे चिकटवल्यासारखे दिसतात. पापणीला जाडी असते, ती कुठं आहे?” मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करण्यांत ज्याचे हात मुरले आहेत त्यालाच हें सुचावें. डोळा म्हणजे बदामाचा आकार नव्हे, खोबणींत बसलेला गोळा आहे. पापणी त्या गोळ्यावर पांघरलेली असते, तिची सावली बुबुळावर पडते, आणि खालच्या पापणीच्या कडेवर उजेडाची बारीक पट्टी दिसते. मूर्तिकारांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. उजेड खिडकीचा, म्हणजे एकाच बाजूचा. तरी चित्रांतल्या एका बुबुळांत चकाकी डावीकडे होती आणि दुसऱ्यांत उजवीकडे. घरच्या कोणालाही हें दिसलें नव्हतें. ‘नजर जरा फिरल्यासारखी वाटते’ असें सून एकदां म्हणाली होती, पण तिचें बोलणें कोणी मनावर घेतलें नव्हतें.

विचारायला कोणी नसेल तेव्हां आपणच आपल्याला परकें व्हावें लागतें. चित्र आरशांत पाहिलें कीं डावेंउजवें बदलतें आणि कलता चेहरा तत्काळ उघडा पडतो. कागद उलटा, म्हणजे डोकें खालीं करून पाहिला तर तो चेहरा राहत नाहीं, नुसते आकार राहतात, आणि आकारांतली चूक लपत नाहीं. दहा फुटांवरून डोळे किलकिले करून पाहिल्यास छायाप्रकाशाचे मोठे भाग तेवढे शिल्लक राहतात. आणि सर्वांत चांगला परीक्षक म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ. पहिला कागद फाडूं नये, त्यावर तारीख घालून ठेवावा. महिन्यानें तोच गुरु होतो.

मोबाइलच्या फोटोशीं चित्र ताडून पाहण्याची सोय आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे, पण ती जपून वापरावी. चेहऱ्याच्या अगदीं जवळून, हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोंत नाक मोठें आणि कान लहान येतात. तो साक्षीदार खोटें बोलत नाहीं, पण फार जवळ उभें राहून पाहतो. सहासात फुटांवरून घेतलेला फोटो बरा. फोटो डोळ्यांसमोर धरूनच काढणाऱ्यांचा आणखी एक तोटा होतो. दीड तास बसलेलें माणूस अवघडतें, हंसतें, पेंगतें आणि पुन्हां सांवरतें. त्या सगळ्यांतून जो चेहरा शिल्लक राहतो तो एका क्षणाच्या फोटोंत सांपडत नाहीं. वृद्ध माणसाला अर्थात् दीड तास एकसारखें बसवूं नये. वीस मिनिटांनीं विश्रांति द्यावी, आणि पाठ कोठें टेकली होती त्या जागीं खडूची खूण करावी.

अभिप्राय देणाऱ्यांसाठींही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका वेळीं एकच दोष सांगावा, आणि तो सर्वांत मोठा असावा. डोक्याचा घाट चुकला असतांना पापणीच्या केसांविषयीं बोलणें म्हणजे पाया खचलेल्या घराच्या खिडक्यांना रंग सुचविणें होय. मनापासून आवडलें असेल तें अवश्य सांगावें, पण तेंही जागा दाखवून सांगावें. ‘छान आहे’ यापेक्षां ‘हनुवटीखालची सावली खरी वाटते’ हें ऐकून माणूस ती सावली पुन्हां तशीच घालूं शकतो.

गृहस्थांचीं एकंदर चार चित्रें झालीं. त्याला पावसाळा पुरा लागला. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांचीं चित्रें आहेत; मधल्या काळांत तेथें दोनतीन वेळां जाऊन त्यांनीं त्यांतल्या चेहऱ्यांच्या कडा कोठें ठळक आहेत आणि कोठें विरल्या आहेत एवढेंच पाहून टिपून आणलें. चौथें चित्र त्यांनीं आईपुढें धरलें तेव्हां ती कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, “कान जरा मोठे काढलेस. पण आहे मीच.” कान मोठे नव्हते. कुड्यांच्या ओझ्यानें ते तसे झाले होते आणि तिनें ते पुष्कळ वर्षांत नीट पाहिले नव्हते. गृहस्थांनीं वाद घातला नाहीं.

तें चित्र कांचेंत बसवून दिवाणखान्यांत लागलें. त्याच दिवशीं आईनें पहिल्या चित्राची चौकशी केली. तें फाडून टाकलें काय, असें तिनें दोनदां विचारलें. कपाटांतून कागद काढून दिल्यावर तो तिनें पदरानें पुसला आणि उशाशीं ठेवून घेतला. आक्काचा एकही फोटो घरांत नव्हता.